इतर हक्क

ट्रेनीला पैसे द्या. पहिल्या महिन्यापासून, ठरल्या तारखेला. कॉर्पोरेट वकिलीत पाऊल टाकणाऱ्या पोरांबद्दल आज एवढंच म्हणायचं आहे.

"इथे शिकायला मिळतं, तोच मोबदला," हे वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका ऑफिसात मला ऐकवलं गेलं. गेल्या आठवड्यात लोअर परळला ते दुसऱ्या कुणाला तरी ऐकवलं जात होतं. तेव्हाही ते खोटं होतं. ट्रेनी रात्री अकरापर्यंत बसून डेटा रूममधले करार वाचतो, संचालक मंडळाचे ठराव तारखांशी ताडून बघतो, सह्यांची पानं गोळा करतो. त्या तासांचं बिल अशिलाला लागतं. बिल लागतं म्हणजे ते काम आहे.

मागे एक कंपनी चाकणजवळ कारखान्यासाठी जमीन घेत होती. ड्यू डिलिजन्सला आम्ही सहा जण. विकणाऱ्याने सातबाऱ्यांचा इंग्रजी गोषवारा दिला होता, टायटल स्वच्छ असल्याचा, आणि आम्ही तोच वाचत होतो. मूळ उतारे उघडले ते बार्शीहून आलेल्या ट्रेनीने. "सर, इतर हक्कात कु.का. 43 आहे," ती म्हणाली. म्हणजे जमीन कुळकायद्याने कुळाला मिळालेली. ती विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. कुळाने घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरल्याची पावती तरी हवी. दोन्ही नव्हतं. असा व्यवहार कायद्याने अवैध ठरतो. तिने हस्तलिखित फेरफार मागवले, 1957 च्या कृषक दिनापर्यंत मागे गेली आणि दोन दिवसांत कुळाची सगळी साखळी कागदावर मांडली. तलाठ्याकडे वडिलांबरोबर खेपा घालून ती उतारा वाचायला शिकली होती. आमच्यापैकी कुणालाही ते येत नव्हतं.

तिला आम्ही महिना 5,000 देत होतो. डोंबिवलीतल्या कॉटचं भाडंच त्याहून जास्त होतं. मी तेव्हा गप्प बसलो, ही माझी चूक.

सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी सनदेची नोंदणी फी कायद्यातल्या 750 रुपयांवर आणली, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 वर. गरिबाघरच्या पोराला वकिलीचं दार उघडावं म्हणून. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियर वकिलांना शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना द्यावेत असं कळवलं. पण ती नुसती शिफारस. सनद हातात नसलेला ट्रेनी तर तिच्यातही बसत नाही. ती बंधनकारक करा आणि ट्रेनीलाही लागू करा. तोवर मुंबईत ज्याचं घर आहे तोच फुकट राबू शकेल, आणि कॉर्पोरेट वकिली त्याच घरांतून भरत राहील.

चौथ्या महिन्यात ती बार्शीला परत गेली. आता तिथल्याच कोर्टात उभी राहते. आमचे सातबारे बाहेर भाषांतराला जातात, पानागणिक पैसे मोजून. इतर हक्काच्या रकान्यात 'कु.का.' असेल तर भाषांतरकार इंग्रजीतही 'कु.का.'च लिहून पाठवतो.