चिरंजीव एप्टेशियास अनावृत पत्र

चि. एप्टेशिया हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. खरे तर तुला आशीर्वादाची गरज नाही. तुला काहीही दिले नाही तरी तू वाढतेस. पण पत्राची रीत म्हणून एक आशीर्वाद वाया गेला तर जाऊ दे, आमच्या खाऱ्या पाण्याच्या छंदात याहून कितीतरी महाग वस्तू वाया जातात.

पत्र अनावृत ठेवले आहे, कारण ते तुझ्याइतकेच घरच्या टँकमध्ये प्रवाळ पाळणाऱ्या आमच्या रीफवाल्या बांधवांनीही वाचावे अशी इच्छा आहे. त्यांना थेट लिहिले की ते रागावतात.

प्रथम तुझ्या आगमनाविषयी. न बोलावता येणारे पाहुणे आमच्याकडे पुष्कळ असतात, पण ते निदान दारातून येतात. तू येतेस लाइव्ह रॉकच्या भोकातून, शेवाळाच्या जुडीतून, नाहीतर झोआ नावाच्या मऊ कोरलच्या एखाद्या देखण्या तुकड्याखाली, म्हणजे फ्रॅगखाली, त्याच्या बैठकीच्या, म्हणजे प्लगच्या, कडेला चिकटून. तेव्हा तू असतेस मोहरीएवढी, तपकिरी आणि जवळजवळ पारदर्शक. पुढे देठ उंचावतो, वर शुंडकांचा झुबका फुटतो आणि पॉवरहेडच्या प्रवाहात माडाचे चिमुकले झाड डोलू लागते. दिसतेस छानच, उगाच खोटे कशाला बोलू? नवा रीफवाला तर हरखून जातो. पाणी 26 अंशांवर, क्षारता 35 वर धरून तो महिनोन्‌महिने ज्या खडकापुढे बसलेला असतो, त्यावर अखेर काहीतरी जिवंत उगवलेले असते. तो घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवतो. "ॲनिमोन आला, आणि तोही फुकट!" घरातलेही कौतुकाने बघतात, कारण या टँकमध्ये फुकट आलेली ती पहिलीच गोष्ट असते. त्या कौतुकाच्या काळात तू गुपचूप संसार मांडतेस आणि शेजारच्या मश्रूम कोरलला डंख मारून मारून आक्रसायला लावतेस. ते कशाने रुसले, याचा शोध घेत यजमान पाण्याच्या चाचण्या करत बसतो.

आता कायद्याचे बोलू. कठीण प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्या लेखी ते वाघाच्या पंगतीला बसतात. 2020 साली मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ निघाले, तेव्हा त्यांच्या 18 वसाहती हलवायला वन खात्याची परवानगी लागली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले तज्ज्ञ लागले, आणि मग कुठे त्या नेव्ही नगरच्या किनाऱ्याशी नेऊन बसवल्या. म्हणून कायदा पाळणारा रीफवाला झोआ, मश्रूम, लेदर अशा मऊ मंडळींवर समाधान मानतो. तू मात्र या खडकावरून त्या खडकावर, तिथून ओव्हरफ्लोच्या पाइपात आणि पाइपातून टँकखालच्या संपमध्ये मुक्काम हलवतेस, तो कोणाला विचारून? ना अर्ज, ना शिक्का, ना पंचनामा.

आणि तिकडे प्रयोगशाळांत तुझे जे लाड चालतात, ते ऐकून तर आमच्या पोटात दुखते. प्रवाळाच्या पेशीत जे सूक्ष्म शैवाल राहते, त्याच्याच कुळातले शैवाल तुझ्याही अंगात राहते. समुद्र तापला की प्रवाळ ते शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. हे नेमके कसे घडते ते समजून घ्यायचे, तर प्रवाळ प्रयोगशाळेत वाढवणे जिकिरीचे, आणि तू तर डब्यात ठेवली तरी वाढतेस! म्हणून शास्त्रज्ञांनी प्रवाळांच्या वतीने तुला उभे केले. 2015 साली तुझा अख्खा जीनोम वाचून प्रसिद्ध झाला. 'सीसी 7' नावाची तुझी एक शाखा, म्हणजे एकाच जिवाच्या हुबेहूब प्रती, संशोधक आपापल्या प्रयोगशाळांत सांभाळतात आणि तिला आर्टेमियाची ताजी पिल्ले भरवतात. आम्ही तीच पिल्ले माशांसाठी उबवतो आणि त्यातलीही निम्मी तूच खातेस.

याच मंडळींच्या कामातून आम्हाला एक वाईट बातमी कळते. तुझ्या अंगातले शैवाल पार काढून टाकले, तुला पांढरी फटक करून अंधारात ठेवले, तरी खायला मिळाले की तू वर्षानुवर्षे जगतेस. तेव्हा "चार दिवस लाइट बंद ठेवा, आपोआप जाईल" असे सांगणाऱ्या अनुभवी बांधवांना माझा दंडवत. अंधार लांबवला तर कोरल जातील, तू फक्त गोरी होशील.

तुमच्या घराण्याला आयुष्याची ददात नाही, हे जुनेच आहे. तुझ्या दूरच्या नात्यातला एक लाल ॲनिमोन 1828 साली सर जॉन डॅलियेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून घरी नेऊन काचेच्या भांड्यात ठेवला. त्याला पुढे 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणू लागले. डॅलियेल 1851 साली वारले. आजीबाई मात्र या हातातून त्या हातात जात 1887 पर्यंत नांदल्या. तिच्या मरणाने लोक हळहळले. तुझ्या मरणाने कोणी हळहळण्याची संधी तू आजवर एकाही यजमानाला दिलेली नाहीस.

रक्तबीजाची उपमा तुला जो तो देतो. मला ती रक्तबीजावर अन्याय करणारी वाटते. त्याचे रक्त सांडायला कोणीतरी शस्त्र उचलावे लागे. तू नुसती चार पावले सरकलीस तरी तळव्याचे कण मागे सोडतेस आणि प्रत्येक कणातून नवी तू उभी राहतेस. लग्न नाही, सोयरीक नाही. (तो मार्गही तुला मोकळा आहे म्हणे, पण इतकी घाई असताना त्याची वाट कोण बघतो?) आणि आम्ही शस्त्र उचलले, मग तर विचारूच नकोस. पहिल्या रागात आमचा वीर चिमटा किंवा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तुला खरवडतो. त्याला वाटते खडक साफ झाला. तुझे तुकडे तेवढ्यात प्रवाहाबरोबर टँकभर पसरतात आणि पुढच्या महिन्यात प्रत्येक कोपऱ्यात तुझी शाखा उघडते. असे उद्घाटन करून देणारे यजमान तुला दुसरीकडे कुठे मिळाले असते?

यानंतर येतो स्वयंपाकघरातला दारूगोळा. लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळते पाणी, सगळे इन्सुलिनच्या सिरिंजमधून. ही शस्त्रे तशी खोटी नाहीत, नेमकी बसली तर एकेकटीला मारतात. पण सुईचा स्पर्श होताच तू क्षणात भोकात आक्रसतेस, वर अंगातून दंशपेशींनी भरलेले पांढरे धागे सोडतेस, आणि औषध जाते शेजारच्या निरपराध झोआच्या अंगावर.

इथे थट्टा बाजूला ठेवून बांधवांना एक गोष्ट सांगायला हवी, तू जरा कान बंद कर. वैतागून काही जण अख्खा खडकच पातेल्यात घालून उकळतात. तसे मुळीच करू नये. खडकावर झोआ किंवा पॅलिथोआ असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकते. निसर्गातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते आणि ते उकळून नाहीसे होत नाही. ते वाफेबरोबर तुषारांतून घरभर पसरून माणसे इस्पितळात पोचल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. खडकाचा बळी द्यायचाच झाला तर बाहेर काढून, उन्हात वाळवून, वास सहन करत द्यावा. हं, उघड कान.

चुन्याचा उपाय जुना आणि बरा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तोच चुना, रीफवाले कोरलांना कॅल्शियम मिळावे म्हणून निवळी करून टँकला घालतच असतात. तोच थोड्या पाण्यात दाट कालवून सिरिंजने तुझ्या तोंडावर सोडायचा. बाजारात तयार औषधेही मिळतात. एकाचे नाव तर तुझ्याच नावापुढे 'एक्स' लावून ठेवले आहे, एवढी तुझी कीर्ती! पण युक्ती औषधात नाही, हातात आहे. आधी पॉवरहेड बंद करायचे, तुला थोडे खायला दाखवायचे, तू हावरेपणाने पूर्ण उघडलीस की सुई न टोचता औषध हळूच मुखावर ठेवायचे. तू ते अन्न समजून गिळतेस. एका दिवशी चार-सहाजणींपुरतेच करायचे, नाहीतर पाण्याचा पीएच चढून मासे तुझ्याआधी जातात. आमचा वीर मात्र रविवारी सकाळी पन्नासजणींचा फडशा पाडायचे ठरवूनच बसतो. रविवारी संध्याकाळी पन्नास पांढरे ठिपके आणि धापा टाकणारा क्लाउनफिश, असा हिशेब निघतो. हा क्लाउनफिश तरी काय? त्याला घर म्हणून ॲनिमोन हवा असतो, पण तुझ्या दारी तो सहसा पाऊल ठेवत नाही. त्याला पारख आहे.

मग भाडोत्री मारेकरी. पेपरमिंट कोळंबी घ्यावी म्हणतात. लाल बारीक उभ्या रेघा, अंग आरपार, दिवसा बिळात. काही आणलेल्या तुला खातात, काही माशांचे खाणे पळवून पोट भरतात. कोणती कशी निघेल ते तिलाच ठाऊक. तिच्याच नावाखाली पाठीवर कुबड आणि वरखाली हलणारी चोच असलेली कॅमल कोळंबी घरी आली, तर ती तुझ्याऐवजी मश्रूम आणि झोआच चाखते. कॉपरबँड बटरफ्लायफिश लांब तोंडाने भोकातून तुला ओढून काढतो, हे खरे. पण तो स्वतः इतका नखरेल खाणारा की पुष्कळदा तुझ्याआधी उपाशी मरतो, आणि त्याला हवा मोठा टँक, आमच्या वन-बीएचकेच्या कोपऱ्यातला नव्हे. फाइलफिशची एक जात तुला आवडीने खाते आणि तोंडी लावायला कोरलही घेते.

राहता राहिली बर्गिया. बोटाच्या पेरापेक्षा फारशी मोठी न होणारी ही समुद्री गोगलगाय, आणि तिचे अन्न एकच, तू. दुसरे काही ती खातच नाही. वर तुझ्या दंशपेशी न फुटता गिळून पाठीवरच्या झुपक्यांत साठवते आणि तुझीच हत्यारे घेऊन फिरते. रक्तबीजाची गोष्ट चामुंडेने रक्ताचा थेंबही खाली पडू न देता संपवली. बर्गियाची कामाची पद्धतही तीच, कण मागे ठेवत नाही. पण ती रात्री काम करते, हळू काम करते, वेटोळ्यांत अंडी घालते आणि तिची फौज व्हायला महिने लागतात. आमच्या वीराला आठ दिवसांत निकाल हवा असतो. नवव्या दिवशी तो "बर्गिया काही कामाची नाही" असा निर्वाळा देतो आणि पुन्हा सिरिंज भरतो. त्याआधी एखाद्या रॅस माशाने दोन-तीन बर्गिया गिळलेल्या असतात, एखादी पंपात गेलेली असते. उरलेल्या ज्या तुला पार संपवतात, त्या नंतर उपाशी मरतात. निष्ठेला पेन्शन नाही.

तू हे वाचून गालात हसत असशील. हसायचा तुला हक्क आहे, कारण आमचे सगळे इंगित तुला ठाऊक आहे. तुला आम्हीच पोसतो. मासे भुकेले दिसतात म्हणून दिवसातून तीनदा फ्रोझन मायसिस, कोरलांना पूड, वर आणखी एखादी बाटली, आणि त्यातले निम्मे तुझ्या ताटात. घरचे पाहुणे आले की त्यांच्या मुलांनीही एकेक चिमूट टाकायची असते. नवा फ्रॅग आणला की तो वेगळ्या भांड्यात दिव्याखाली काही आठवडे ठेवून बघायला कोणाला सवड नसते. पिशवी फोडून लगेच मधल्या जागेवर चिकटवायचा, रात्री फोटो काढायचे. प्लग कापून टाकून कोरल नव्या प्लगवर लावले असते तर तू बऱ्याचदा दारातच अडली असतीस, पण प्लगही विकत घेतलेला असतो, टाकवत नाही. डिपमध्ये, म्हणजे औषधी पाण्यात, बुचकळून काम भागेल असे वाटते. डिपमधून कोरल थकून बाहेर येते, तू आंघोळ करून.

तेव्हा आमच्या अटी ऐकून ठेव. टँकच्या पुढच्या खडकावर तू एकटीदुकटी, लहान दिसलीस की त्याच आठवड्यात चुना. मोठी होईपर्यंत कौतुक नाही. संपमध्ये तीन-चारजणी राहिलात तरी चालेल, तिथला गाळ खा, पण पाइपात पोरे सोडायची नाहीत. (सोडणारच, ठाऊक आहे. पण अट लिहून ठेवलेली बरी.) खाणे दिवसातून एकदाच, मासे संपवतील तेवढेच. खरवडणे बंद. आणि बर्गिया आल्या की चार महिने कोणीही सिरिंजला हात लावायचा नाही. ही शेवटची अट तुझ्यासाठी नाही, बांधवांसाठी आहे, आणि तीच मोडली जाईल असे मला वाटते.

कळावे. लोभ कमी व्हावा, ही विनंती.

तुझा नाइलाजाने यजमान

ता. क. : मजानो या दुसऱ्या आगंतुक ॲनिमोनने हे पत्र वाचून खूश होऊ नये. बर्गिया तिला खात नाही म्हणून ती शेजारच्या खडकावर हिरवी बोंडे मिरवत बसली आहे, आणि घरातल्यांना अजूनही ती 'आपला दुसरा ॲनिमोन' वाटते. तिला वेगळे पत्र लिहीत आहे. सिरिंज तीच आहे.