नॅनोशेठ

पेणला राहणारा आणि रोह्याला नोकरी करणारा माणूस उशिराबद्दल सहसा कुरकुरत नाही. महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला. तेव्हा दप्तर घेऊन शाळेत जाणारी पोरं आता त्याच रस्त्यावर स्वतःच्या मोटारसायकली आपटतायत. म्हणून आमच्यातले शहाणे रेल्वेने जातात, आणि त्यांच्यात नॅनोशेठही असतो.

हे नाव डब्याने ठेवलेलं. वडिलांचा पेणला गणपतीचा कारखाना, हा धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये, आणि जीव मात्र तैवानात अडकलेला. ग्राफिक्स कार्डाची पुढची चिप किती नॅनोमीटरवर निघणार, कधी निघणार, आणि ठरल्या दिवशी का निघणार नाही, हे तो कासू यायच्या आत सांगून मोकळा होतो. नागोठणे, निडी ही स्टेशनं शंकानिरसनाला ठेवलेली. कुणी शंका विचारत नाही, पण निरसन होतंच. त्याच्याकडे स्वतःचं ग्राफिक्स कार्ड नाही. कधीच नव्हतं.

घ्यायचं मात्र नक्की होतं. २००९ साली त्याने ऐसपैस कॅबिनेट आणलं, साडेसातशे वॅटचा एसएमपीएस आणला, आणि कार्डाची जागा रिकामी ठेवली. कारण एनव्हिडियाचं ‘फर्मी’ येणार होतं. त्या सप्टेंबरात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावर कार्ड उंच धरून दाखवलंसुद्धा. नॅनोशेठने त्याचा फोटो मोठा करून घरी दाखवला. वडिलांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘अरे, हा लाकडात मारायचा स्क्रू आहे. आपण मखराला मारतो तो.’’ आणि खरंच, ते कार्ड नुसतं दाखवायला बनवलेलं निघालं. कंपनीला तसं कबूल करावं लागलं.

खरं कार्ड २०१० च्या मार्चमध्ये आलं, तेही लंगडत. चिपा बनवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीच्या चाळीस नॅनोमीटरवर यील्ड बसत नव्हतं. आता यील्ड म्हणजे काय हे धाटावच्या माणसाला शिकवावं लागत नाही. बॅच फसली की तिथे दिवसभर तोच जप चालतो. घरी मात्र शिकवणी घ्यावी लागली. तीनशे मिलिमीटरची सिलिकॉनची तबकडी, तिच्यावर शेकडो प्रक्रिया, मधेच कुठेतरी बारीकसा दोष, की तिथली चिप गेली. आणि चिप आकाराने जितकी मोठी, तितका तिच्या वाट्याला दोष यायचा संभव जास्त. ग्राफिक्सच्या चिपा तर मोठ्याच असतात.

‘‘मग बिघडलेल्या फेकता?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘नाही. बिघडलेला भाग बंद करायचा आणि उरलेली विकायची. या कार्डात ५१२ कोर होते, त्यांनी ४८० चालू ठेवले.’’

‘‘म्हणजे सोंड तुटली की गणपतीचा मारुती करून विकायचा?’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘आणि चतुर्थीला माल तयार नसला तर?’’

‘‘मग पुढच्या तिमाहीत, बाबा.’’

वडील उठून रंगाकडे गेले. ज्यांच्या धंद्यात चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मूर्तीची पुन्हा माती होते, त्यांच्याशी तिमाहीच्या गोष्टी करणं हे धाडसच. खुद्द नॅनोशेठ श्रावणात रात्र रात्र जागून डोळ्यांची आखणी करतो आणि एकही मूर्ती मागे ठेवत नाही. गाडी नागोठण्याला दहा मिनिटं थांबली की तक्रारवही मागतो. पण टीएसएमसीला दोन वर्षं उशीर झाला तर हळव्या आवाजात म्हणतो, ‘‘बिचारे तरी काय करतील?’’

फर्मी तापतं म्हणून त्याने नाकारलं. २०१२ ला अठ्ठावीस नॅनोमीटरची कार्डं आली, तेव्हा म्हणाला, ‘‘आता कोण घेतो? वीस येतंय.’’ टीएसएमसीचं वीस आलंही, पण एनव्हिडिया आणि एएमडी दोघींनी आपल्या मोठ्या चिपांसाठी ते घेतलंच नाही. लोकांनी चार वर्षं अठ्ठावीसवर काढली, नॅनोशेठने वाट बघण्यात. मधल्या काळात त्याचं लग्न झालं. मुलगी त्याने पहिल्याच फेरीत पसंत केली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. २०१६ ला एकदाचं सोळा नॅनोमीटर आलं. ‘‘पहिली खेप घेऊ नये,’’ म्हणाला. दुसऱ्या खेपेपर्यंत क्रिप्टोची नाणी खोदणाऱ्यांनी बाजार धुऊन नेला. इंटेलचं दहा नॅनोमीटर २०१६ वरून २०१९ वर गेलं, तेव्हा तर तो घरातलं आजारपण सांगावं तसं सांगत होता. आणि हे सगळं ज्या नॅनोमीटरसाठी, तो आकडा आता चिपेवर कुठेही मोजून सापडत नाही, नुसतं नाव उरलंय, हेही मला त्यानेच सांगितलं. त्याचा काही भ्रमनिरास झालेला दिसला नाही.

माझा आपला अंदाज असा की त्याला कार्ड नकोच आहे. आलेल्या कार्डाला किंमत असते, पंख्याची घरघर असते, घरात जाब असतो. येणाऱ्या कार्डाला यातलं काहीच नसतं. रिकाम्या जागेवरची धूळ तो दर दसऱ्याला पुसतो आणि तिथे झेंडू ठेवतो. बायको म्हणते, ‘‘अहो, देव बसवल्यावर पूजा करतात, आधी नाही.’’

२०२४ च्या सप्टेंबरात मात्र जणू तैवानच दारात आलं. टॉवर ही चिप कंपनी आणि अदानी यांच्या तळोज्याच्या चिप प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने मान्यता दिली. दोन टप्पे मिळून ८३,९४७ कोटी. तळोजे म्हणजे पनवेल, पनवेल म्हणजे आपला रायगड! नॅनोशेठने डब्यात पेढे वाटले. टॉवर ग्राफिक्सच्या चिपा करत नाही, ती ॲनालॉगवाली, हे त्याला आमच्याआधी ठाऊक होतं, पण पेढे वाटताना त्याने ते सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी अदानींनी बोलणी थांबवल्याची बातमी आली. आम्ही सांत्वनाच्या तयारीने डब्यात चढलो, तर स्वारी खिडकीशी प्रसन्न. म्हणाला, ‘‘लांबलं ना? म्हणजे आता आपणही या धंद्यात आलो.’’

परवा त्याच्या पुतण्याने लॅमिंग्टन रोडवरून जुनं आरएक्स ५८० आणलं, त्याच रिकाम्या जागेत बसवलं आणि गेम सुरू केला. पडद्यावर मोटारी धावायला लागल्या. नॅनोशेठ हात मागे बांधून पुढे वाकला, पण त्याची नजर पडद्याकडे नव्हती, कॅबिनेटच्या उघड्या बाजूकडे होती.

‘‘२०१७ चं हे. ग्लोबलफाउंड्रीजचं चौदा नॅनोमीटर. त्यांनी पुढे सात करायचं ठरवलं होतं, पण २०१८ ला...’’

‘‘काका, जरा सरका ना,’’ पोरगं म्हणालं, ‘‘वळण दिसत नाहीये.’’