खाली नदी आहे

आप्पांच्या न्हाणीघरात पाणी तुंबलं, की आप्पा प्लंबरला फोन करत नाहीत. पाय पुसत बाहेर येतात आणि जमलेल्या मंडळींना समाधानानं सांगतात, "खाली नदी आहे ना!" घर तिसऱ्या मजल्यावर. खालच्या दोन मजल्यांवर कुणाचंही पाणी कधी तुंबत नाही. म्हणजे ही नदी दोन बिऱ्हाडं सोडून नेमकी आप्पांकडे वर येते. काकू आतून म्हणतात, "आलीच आहे तर भांडी घासायला सांगा तिला."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असणार. जुन्या वस्तीत भाड्यानं राहायचं आणि वस्ती आपल्या खापरपणजोबांनी वसवल्याच्या थाटात वावरायचं. गिरगावात तो खोताच्या वाडीच्या तोंडाशी उभा असतो, सदाशिव पेठेत दर दोन जिन्यांआड एक भेटतो. आमच्या वाट्याचा डब्लिनमध्ये, टेंपल बारात राहत होता. मी राहतो लुकनला, शहराच्या पश्चिमेला. घरं एकासारखी एक, दारात मोटार, आणि संध्याकाळी सातला निम्म्या स्वयंपाकघरांतून फोडणीचा वास. आप्पा आम्हाला 'पलीकडचे' म्हणत. पूर्वी पेठेतली माणसं कोथरूडकरांना ज्या सुरात म्हणायची, त्याच सुरात.

टेंपल बार या नावानं पाहुण्यांची फार फसगत होते. मावशी विचारतात, "देऊळ कुठल्या देवाचं?" त्यांचे यजमान हळूच विचारतात, "आणि बार किती वाजता उघडतो?" आप्पा आधी मावशींना निराश करतात. टेंपल हे आडनाव आहे. 17व्या शतकाच्या सुरुवातीला ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख असलेले सर विल्यम टेंपल यांचं घर आणि बाग या भागात होती. यजमान निराश होत नाहीत, कारण बार खरोखरच आहेत आणि पावलोपावली आहेत. पण तिकडे वळायच्या आत आप्पा त्यांचा दंड धरतात. "आणि त्या बागेच्याही पलीकडे, बरं का, जमिनीखाली..."

नदीचं नाव पॉडल. ती आहे, हे मला कबूल करावंच लागतं. टॅलाच्या बाजूला उगम पावते, शहरात शिरता शिरता जमिनीखाली जाते, डब्लिन कॅसलच्या पोटातून वाहत येऊन वेलिंग्टन धक्क्यापाशी लिफी नदीला मिळते. आज जिथं कॅसलची बाग आहे तिथं तिचा डोह होता, काळ्या पाण्याचा. आयरिश भाषेत काळा डोह म्हणजे 'दुव लिन', त्यावरून शहर डब्लिन. हे सगळं खरं आहे आणि पाच मिनिटांत सांगून होतं. आप्पांनी ते 22 वर्षं पुरवून पुरवून वापरलं. भिंतीला ओल आली, नदी. काकूंचा गुडघा धरला, नदी. इडलीचं पीठ फुगलं नाही तेव्हाही त्यांनी एकदा फरशीकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं होतं.

आप्पांच्या फ्रिजवर भरती-ओहोटीचा तक्ता लावलेला असे. आपल्याकडे जिथं दूधवाल्याचा हिशेब असतो तिथं. कारण लिफीला ओहोटी लागली, की धक्क्याच्या भिंतीतलं पॉडलचं तोंड उघडं पडतं. तोंड म्हणजे एक भोक आणि त्याला लोखंडी जाळी. समोरच्या काठावर उभं राहिलं तर दिसतं. आमचे सासरे सांगलीहून आले, तेव्हा आप्पांनी त्यांना फेब्रुवारीत, तिरप्या पावसात, पाऊण तास त्या काठावर उभं केलं. पाणी ओसरलं. भोक दिसलं. सासऱ्यांनी कानटोपी वर करून नीट निरखलं.

"जावईबापू, हे गटार न्हवं का?"

"नदी आहे," आप्पा.

"असंल. आमच्याकडं नदी बघायला जावं लागत न्हाई. 2019ला तीच आली हुती घरात. माडीपत्तोर."

आप्पा इतके गप्प झालेले मी प्रथमच पाहिले. चारेक सेकंद टिकलं. मग म्हणाले, "हो, पण ती वरून आली."

2017 साली लिओ वराडकर पंतप्रधान झाले. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, त्यामुळे आम्हा मंडळींना मूठभर मांस चढलं. ज्यांनी जन्मात मालवण पाहिलं नव्हतं तेही 'आपला वराडकर' म्हणू लागले. पेढे घेऊन मी आप्पांकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं, "कचेरी कुठं त्याची? मेरियन स्ट्रीटलाच ना?" मी म्हटलं हो. "तिथं खाली काय आहे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "काही नाही," असं म्हणून त्यांनी दुसरा पेढा उचलला.

आता तुम्हाला वाटेल, कलावस्तीत राहतात म्हणजे आप्पा चित्रकार तरी असतील, निदान पेटी तरी वाजवत असतील. आप्पा विम्याच्या कचेरीत हिशेब तपासत. कलेशी त्यांचा संबंध एवढाच, की ती रात्री अडीचपर्यंत त्यांच्या खिडकीखाली चालू असे. खालच्या पबात 'मॉली मलोन' रोज रात्री तीनदा व्हायचं, तिसऱ्यांदा तर सूर सोडून. काकूंनी कानात घालायचे बोळे घाऊक मागवले होते. आप्पा बोळे घालत नसत. लोकसंगीत आहे, म्हणायचे.

ही वस्ती कलावंतांची झाली कशी, हे मात्र त्यांच्याच तोंडून ऐकावं. सीआयई म्हणजे आयर्लंडची एसटी म्हणा. 1980च्या दशकात तिनं इथल्या जुन्या इमारती घ्यायला सुरुवात केली, पाडून मोठं बसस्थानक बांधायचं म्हणून. पाडेपर्यंत रिकाम्या कशाला ठेवायच्या, म्हणून थोड्या थोड्या मुदतीनं स्वस्तात भाड्यानं दिल्या. त्यात चित्रकार शिरले, वादक शिरले, जुन्या कपड्यांची दुकानं आली. बसस्थानक रेंगाळलं आणि कलावस्ती उभी राहिली. (सरकारी दिरंगाईतून हमखास कला निपजत असती, तर एव्हाना स्वारगेटचं व्हेनिस झालं असतं.) 1991 साली डब्लिन युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं, सरकारला जाग आली, बसस्थानक रद्द झालं आणि वस्तीच्या उद्धारासाठी एक सरकारी कंपनी निघाली. क्वेकर पंथाच्या जुन्या प्रार्थनागृहात 1992 साली चित्रपट केंद्र सुरू झालं, 1995 साली मुलांसाठी 'आर्क' हे कलाकेंद्र. चांगलं चौफेर काम झालं. इतकं चांगलं, की तिथली भाडी कलावंतांना परवडेनाशी झाली. आता चित्रं भिंतीवर आहेत आणि रस्त्यावर लग्नाआधीची शेवटची दारू प्यायला इंग्लंडहून विमानानं आलेले नवरदेव आहेत.

अशाच एका नवरदेवाला मित्रांनी गाय करून सोडलं होतं. अंगभर काळेपांढरे ठिपके, पुढं गुलाबी रबरी आचळ. त्यानं आप्पांना वाट विचारली. आप्पांनी त्याला ज्या दारूच्या दुकानात जायचं होतं ते सोडून युस्टस स्ट्रीटवर नेलं. 1791 साली इथल्या ईगल टॅव्हर्नमध्ये युनायटेड आयरिशमेन या क्रांतिकारकांच्या संघटनेची डब्लिनमधली पहिली बैठक कशी भरली, ते सविस्तर सांगितलं. मग नदीवर आले. गाय वीस मिनिटं उभी होती. शेवटी तिनं आप्पांना मिठी मारली आणि रडली. आप्पा म्हणतात, इतिहासानं हेलावला. मला वाटतं, त्याला दुसऱ्या दिवशीचं लग्न आठवलं असावं.

हँडेलचं प्रकरण तर आमच्या मंडळाला महागात पडलं. हँडेलची 'मसाया' ही रचना पहिल्यांदा सादर झाली ती टेंपल बारला लागूनच, फिशॅम्बल स्ट्रीटवर, 13 एप्रिल 1742 रोजी. गर्दी इतकी होणार होती, की बायकांनी घेरदार झग्याखालची कडी घालू नयेत आणि पुरुषांनी तलवारी आणू नयेत, अशी विनंती आधी छापली होती. आजही त्या तारखेला तिथं रस्त्यावर ती गायली जाते. आप्पा दरवर्षी झब्बा घालून, त्यावर रेनकोट चढवून हजर. इथवर ठीक. पण गणपतीत मंडळानं घेतलेल्या सभागृहाच्या दारात बाबागाड्यांची कोंडी झाली, तेव्हा आप्पा खुर्चीवर चढले. "1742 साली लोकांनी तलवारी घरी ठेवल्या! तुम्हाला बाबागाडी ठेवता येत नाही?" एका आईनं विचारलं, मग बाळ कुठं ठेवू? त्या वर्षी आरती अर्धा तास उशिरा झाली आणि पुढच्या वर्षी आप्पांना प्रसादाच्या समितीवर टाकलं, जिथं बोलायला वाव नसतो.

आप्पांचा फेरफटका नेहमी एकाच ठिकाणी लवकर आटपे. वुड की म्हणतात त्या धक्क्यावर महापालिकेची मोठी कचेरी आहे. 1970च्या दशकात तिथं खोदताना व्हायकिंग लोकांचं गाव सापडलं. घरं, वाटा, चामड्याचे तुकडे, सगळं चिखलात हजार वर्षं टिकलेलं. त्यावर कचेरी बांधू नका म्हणून 1978च्या सप्टेंबरात सुमारे 20,000 माणसं रस्त्यावरून चालली. कचेरी झालीच. एवढं सांगून आप्पा "चला, चहा घेऊ" म्हणत. वर्षानुवर्षं असंच. एकदा आम्ही दोघंच होतो, पाहुणा कुणी नव्हता. मी सहज म्हटलं, "वीस हजार माणसं चालून काय उपयोग झाला?"

"चालली तरी," आप्पा म्हणाले.

मग कठड्याला टेकून त्यांनी सदाशिव पेठेतल्या आपल्या वाड्याची गोष्ट सांगितली. 22 वर्षांत पहिल्यांदाच. मागच्या चौकात हौद होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात जो नळ आणला, त्याचं पाणी या हौदात येई. जमिनीखालून. लहानपणी दुपारी सगळे निजले, की आप्पा फरशीला कान लावून पडायचे. आजी विचारायची, काय ऐकतोस? ते सांगायचे, खाली नदी आहे. आजी म्हणायची, नदी नाही रे, पेशव्यांचा नळ आहे तो. वाडा पाडायचं ठरलं तेव्हा चार भावांच्या सह्या लागत होत्या. आप्पा तेव्हा डब्लिनला होते. कागद टपालानं आला.

"मग?"

"मग काय. सही करून लगेच परत धाडला. स्वतः पोस्टात जाऊन. उशीर नको म्हणून." हौदाच्या जागी आता मोटारी उभ्या राहतात. एक जागा आप्पांच्या नावाची आहे. मोटार नाही.

त्यानंतर आप्पा नदी म्हणाले, की मी घड्याळाकडे बघणं सोडलं. फार काही नाही, एवढंच. गेल्या महिन्यात कचेरीतल्या आयरिश मुलीचा चहा पेल्यातून सांडला, तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं ते मी इथं लिहिणार नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या घरमालकानं फ्लॅट विकायला काढला. काकूंनी तीन दिवसांत सामान बांधलं, बोळ्यांचं उरलेलं खोकं शेजारणीला दिलं. आता दोघं लुकनला, आमच्यापासून चार दारं सोडून राहतात. काकू पहिल्या रात्री अकरा तास झोपल्या. आप्पा सगळ्या खोल्यांतून फिरून आले. न्हाणीघरात पाणी सरळ वाहून गेलं.

त्यांना बरं वाटावं म्हणून पहिल्याच रविवारी मी त्यांना ग्रिफीन दाखवायला नेलं. ही आमच्या भागातली नदी. बागेतून उघडी वाहते, बदकं आहेत, वर लहानसे पूल आहेत. आप्पा पुलावर थांबले, कठड्यावरून वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"ही तर वरच आहे," म्हणाले, आणि घरी जायला वळले.

नव्या घरातही फ्रिजवर भरती-ओहोटीचा तक्ता लावलाय. लुकनपर्यंत भरती येत नाही.