फक्त झोपवायचं ना?

पुण्यात एखाद्याची मुलगी एमबीबीएस झाली की ती बातमी सोसायटीत अर्ध्या तासात पोचते आणि पुढच्या अर्ध्या तासात ती कशाची डॉक्टर होणार हे सोसायटी ठरवून टाकते. आमच्या कोथरूडच्या इमारतीत हे काम पार्किंगशेजारच्या बाकावर चालतं. बाकाचा कौल स्वच्छ होता. पहिली पसंती रेडिऑलॉजी, कारण पेशंटशी फारसं बोलावं लागत नाही. दुसरी त्वचारोग, कारण पेशंट दगावत नाही आणि पुरता बराही होत नाही. तिसरी मेडिसिन, कारण डॉक्टर म्हणजे तेच असतं असं बाकाचं मत.

आमच्या कन्येने येता-जाता सांगून टाकलं, "काका, मला अ‍ॅनेस्थेशिया करायचंय."

बाक क्षणभर गप्प झाला. मग एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "पुण्यात माणसं झोपवायला डॉक्टर कशाला लागतो? दुपारचा एक वाजू द्या." हा विनोद पुढे मी इस्त्रीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकला आणि प्रत्येकाने तो आत्ताच सुचल्यासारखा केला. कन्या दर वेळी हसली. पेशंटशी कसं वागावं हे शिकवावं लागतं म्हणतात. तिचं ते प्रशिक्षण इथेच पार पडलं.

माझ्या थोरल्या बहिणीचा प्रश्न मात्र अधिक खोल गेला. "म्हणजे ऑपरेशन दुसराच कोणी करणार आणि तू फक्त झोपवायचं ना?"

"हो आत्या."

"मग त्याला तीन वर्षं कशाला? आमचे हे पेपर उघडला की झोपतात."

"झोपवायला नाही लागत गं तीन वर्षं. परत उठवायला लागतात."

ताई गप्प झाली. ताई गप्प झाल्याची आमच्या घरात फार उदाहरणं नाहीत, त्यामुळे मीही या विषयाकडे जरा आदराने पाहू लागलो.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं इंटर्नशिपमध्ये. सर्जरीच्या पोस्टिंगला इंटर्नने करायचं काम म्हणजे चिमटा धरून तासन्‌तास उभं राहणं आणि सर्जन ओरडले की आणखी सरळ उभं राहणं. तिथून तिचं लक्ष पडद्यापलीकडे गेलं. ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या छातीच्या वर हिरवं कापड आडवं ताणलेलं असतं. एका बाजूला सर्जन आणि त्यांचा लवाजमा. दुसऱ्या बाजूला पेशंटचं डोकं, भुलेचं मशीन आणि स्टुलावर बसलेला एक माणूस. शरीरात रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो, त्याला 'ब्लड-ब्रेन बॅरियर' म्हणतात. भूलतज्ज्ञ मंडळी या हिरव्या कापडालाही तेच नाव देतात. रक्त पलीकडे, मेंदू अलीकडे. ही कोटी सर्जनसमोर करायची नसते असं कन्येने मला बजावलं आहे, म्हणून ती मी इथे छापून टाकतो.

तर त्या स्टुलावरच्या बाई, तिच्या म्हणण्याप्रमाणे, काहीच करत नव्हत्या. मशीनचा टिक्‌ टिक्‌ आवाज चालला होता. बोटाला लावलेल्या चिमट्यामुळे रक्तातला ऑक्सिजन आवाजात ऐकू येतो. ऑक्सिजन उतरला की स्वरही उतरतो. मध्येच तो स्वर किंचित खाली आला. सर्जन कुठल्याशा जमिनीच्या व्यवहाराबद्दल बोलत होते, ते बोलतच राहिले. बाई उठल्या, नळीचा एक जोड तपासला, पिशवी हाताने दोनदा दाबली, स्वर वर आला, बाई बसल्या. व्यवहारातला भाव काही बदलला नाही. कन्या घरी येऊन म्हणाली, "बाबा, त्या खोलीत पेशंट जिवंत आहे याकडे पूर्ण वेळ लक्ष असलेलं माणूस एकच होतं." तिचं त्याच दिवशी ठरलं.

मी बाकावर बाजू मांडायची म्हणून थेट ससूनचा इतिहास काढला. 12 जानेवारी 1924 च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ससूनमध्ये झालं. यावर बाक एकदम जागा झाला. सर्जन कर्नल मॅडॉक, हे तिघांना माहीत होतं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं, हेही. एकाने तर ते थिएटर अजून जपून ठेवलं आहे म्हणून पत्ता सांगितला. मी विचारलं, "आणि क्लोरोफॉर्म कोणी दिलं?" बाक परत गप्प. म्हणजे बघा, देशातला सर्वांत मोठा माणूस बेशुद्ध आहे, दिवे गेले आहेत, आणि अंधारात त्याचा श्वास मोजत जो बसला होता त्याचं नाव पुण्यात कोणाला येत नाही. ज्या पुण्यात कुठल्या वाड्यात कोण भाडेकरू होतं हे तीन पिढ्या लक्षात ठेवतात!

प्राध्यापक म्हणाले, "तुम्हीच सांगताय ना? शंभर वर्षं कोणी नाव विचारलं नाही. पोरीला रेडिऑलॉजी घ्यायला सांगा."

वास्तविक या शास्त्राची सुरुवातच पुणेरी वळणाची आहे. 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने इथर हुंगवून एका माणसाच्या मानेवरची गाठ वेदनेशिवाय काढवून दाखवली. जग धन्य झालं. मॉर्टन मात्र इथरमध्ये रंग घालून, त्याला 'लीथिऑन' असं भारदस्त नाव देऊन पेटंट घ्यायला निघाला होता. वासावरून लोकांनी ओळखलं ते वेगळं. मग त्याचा जुना भागीदार वेल्स म्हणाला, कल्पना माझी. जॅक्सन नावाचे गुरुजी म्हणाले, सल्ला माझा. जॉर्जियाचा लाँग म्हणाला, मी तर 1842 मध्येच केलं होतं, फक्त छापलं नव्हतं. मसाल्याच्या पाककृतीवरून दोन शाखा पडलेल्या दुकानांच्या गावात राहणाऱ्याला यात परकं काहीच वाटत नाही. ज्याने वेदना संपवली, त्याच्या मागे ही डोकेदुखी आयुष्यभर लागली.

आता परीक्षेकडे येतो. एमडी, एमएसच्या बहुतेक जागांसाठी देशभरात नीट-पीजी नावाची एकच चाळणी आहे. 200 प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. 2024 पासून पेपरचे पाच भाग केले: 40 प्रश्न, 42 मिनिटं, वेळ संपली की तो भाग कायमचा बंद, मागे जाऊन पाहता येत नाही. एमबीबीएसचे एकोणीसच्या एकोणीस विषय यात येतात आणि त्यात अ‍ॅनेस्थेशियाचे प्रश्न मोजकेच. म्हणजे भूलतज्ज्ञ व्हायचं असेल तर कानाच्या हाडांपासून पटकीच्या जंतूंपर्यंत सगळं यावं लागतं. भूल आली नाही तरी विशेष बिघडत नाही. यात काही गूढ शहाणपण असणार. मी बँकेत होतो. आम्हालाही बढतीच्या परीक्षेत बँकिंग सोडून सगळं विचारत.

कन्येची परीक्षा 23 जून 2024 ला होती. 22 च्या रात्री, सव्वादोन लाख पोरं पेन्सिली मोडत बसलेली असताना, परीक्षा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. आमच्याकडे दही-साखर वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. बायकोने ते शांतपणे मला दिलं. पुढची तारीख 11 ऑगस्ट, आणि तीही दोन सत्रांत. दोन सत्रांचे पेपर वेगळे, म्हणून गुणांचं समानीकरण, आणि टाय होऊ नये म्हणून पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत. आमच्या काळी बेरजेत एखादा मार्क इकडे तिकडे झाला तर मास्तर "चालायचंच" म्हणत. इथे सातव्या दशांश स्थळावर मिरज की नांदेड हे ठरणार होतं.

रँक आली ती मधली. रेडिऑलॉजी मिळणार नाही इतकी वाईट आणि अ‍ॅनेस्थेशिया मिळेल इतकी चांगली. बाकाने सांत्वन केलं. कन्या पेढे वाटत होती. पेढे खात खात सांत्वन करण्याचं बाकाचं कौशल्य वाखाणण्यासारखं आहे.

मग पसंतीक्रम भरण्याचं पर्व. निम्म्या सरकारी जागा अखिल भारतीय कोट्यातून, निम्म्या राज्याच्या यादीतून. कॉलेज आणि शाखा यांची जोडी करून एकाखाली एक लावत जायची. आपल्या रँकला वरून पहिली जी मिळेल ती तुमची, तिच्या खालच्या सगळ्या रद्द. हे काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. एक्सेलची शीट केली: कॉलेज, गेल्या वर्षी कितव्या रँकला जागा संपली, हॉस्टेल, विद्यावेतन. बायकोने शेजारी स्वतःचा स्तंभ घातला: 'घरून किती तास'. त्यानुसार यादीत सगळ्यात वर पुण्यातलंच बी. जे., मग पिंपरी, मग सोलापूर, मिरज, आणि तळाला यवतमाळ व नागपूर. ताईने फोनवरून तिसरा निकष दिला: "जिथे आपलं कोणी आहे ते गाव." नागपूरला आमचे एक चुलतभाऊ आहेत, पण त्यांच्याशी बोलणं बंद आहे. अंबाजोगाईला कोणी नाही, पण देवी आहे, म्हणून ताईने ते दोन घरं वर सरकवलं.

कन्या अंघोळ करून आली, तिने शीट पाहिली आणि विचारलं, "रात्री ऑपरेशन थिएटर कुठे बंद होत नाही, हा स्तंभ कुठाय?"

"म्हणजे?"

"जिथे रात्रभर सिझेरियन आणि अपघात येतात ते वर टाकायचं. तिथेच हात बसतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आईची यादी आणि लेकीची यादी यांत फरक एवढाच होता की एक दुसरी उलटी धरल्यासारखी होती.

तेवढ्यात शेजारचे काका चहाला आले. ते म्हणाले, "वर दोन-चार रेडिऑलॉजी टाकून ठेवा. बघायला काय जातंय?" मला ते पटलं. माझा अर्धा जन्म 'बघायला काय जातंय' या तत्त्वावर लक्ष्मी रोडला गेला आहे. कन्या म्हणाली, "काका, शेवटच्या फेरीत कुठे उरलेली जागा चुकून मिळाली, तर मी तीन वर्षं अंधाऱ्या खोलीत बसून तुम्हाला आठवीन." काकांनी दुसरा चहा घेतला नाही. शेवटच्या तासाला संकेतस्थळ गोल गोल फिरत राहिलं, आम्ही चौघंही त्या चक्राकडे पाहत राहिलो, आणि अखेर यादी लॉक झाली. तिचीच.

मिरज मिळालं. आईने नकाशा काढून ते तितकंसं लांब नसल्याचं सिद्ध केलं. तिथली बातमी एवढीच की झोपवणारीला झोप मिळत नाही. भूल द्यायच्या आधी पेशंट तपासतात, त्यात तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावतात. घशातलं किती दिसतं त्यावरून श्वासाची नळी घालणं सोपं जाईल की अवघड, याचा अंदाज बांधतात. एक ते चार अशा त्याच्या पायऱ्या आहेत आणि त्यांना मल्लमपाटी यांचं नाव आहे. आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या या भूलतज्ज्ञाने 1985 मध्ये मूळ पद्धत मांडली. गणपतीला घरी आली तेव्हा आरती झाल्यावर कन्येने सगळ्या नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना ओळीने बसवून तोंडं उघडायला लावली. माझी तिसरी पायरी निघाली. मला भूल देणं जिकिरीचं आहे म्हणे. ताईची पहिली. तिचं तोंड सगळ्यांत मोठं उघडतं, हे आम्हाला शास्त्राच्या आधारावाचूनही माहीत होतं. बाकावरच्या प्राध्यापकांची कवळी निघाली, ती त्यांनी आजवर घरच्यांखेरीज कोणाला कळू दिली नव्हती. त्या दिवसापासून ते झोपेचा विनोद करत नाहीत.

आता वाचकांना एक सांगणं, आणि ते कन्येच्या वतीने. तुमच्यावर कधी ऑपरेशनची वेळ आली आणि भूलतज्ज्ञाने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?", तर खरं सांगा. जेवणानंतर सहा ते आठ तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास पोट रिकामं लागतं. भूल दिल्यावर ठसका लागत नाही, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरलं तर जिवावर बेतू शकतं. "एकादशी होती म्हणून फक्त साबुदाण्याची खिचडी" हे खाणंच. "नुसता अर्धा कप चहा" हेही खाणंच, कारण त्यात दूध असतं आणि दुधाला सहा तास धरतात. बरोबर खारी असेल तर तीही लपवू नका. आणि जमलंच तर सर्जनबरोबर त्या स्टुलावरच्या डॉक्टरांचंही नाव विचारून ठेवा.