मामाचे तलाव

गोंदियाहून नवेगावबांध 60-65 किलोमीटर. पुण्याहून आलेल्या मेहुण्याने गाडीत बसण्याआधीच हिशेब मांडला, सव्वा तास! मी गप्प राहिलो. त्याच्याशी वाद घातला की उत्तर त्याची बहीण देते, आणि ती मागच्याच सीटवर होती.

गोरेगाव मागे पडलं आणि मी मोठा रस्ता सोडून आतल्या वाटेला लागलो. नोव्हेंबरचे दिवस. बांध्यांत धानाच्या कडपा, कुठे रचलेले पुंजणे, आणि अर्ध्या डांबरी रस्त्यावर वाळत घातलेलं धान, कडेला दगड लावून. अशा वेळी उरलेल्या अर्ध्यातून पाहुण्यासारखं, अंग चोरून जायचं असतं.

"रस्त्यावर भात?" मेहुणा म्हणाला.

"भात ताटात. हे धान."

"किती वेळ लागेल अजून?"

"दोन-तीन उन्हं तरी."

तो पोहोचण्याचं विचारत होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"तिथलं सगळं दोन तासांत बघून होतं ना, भाऊजी?"

मारुती चितमपल्लींनी नवेगावच्या जंगलात वर्षानुवर्षं काढली, तरी त्यांचं बघून संपलं नव्हतं. पण हे सांगितलं असतं तर तो तिथूनच परत फिरला असता.

पुढे फाटा आला. पारावर बसलेल्या आजोबांना त्याने मोठ्या ऐटीत विचारलं, "अर्जुनीला कुठला रस्ता?"

"कोन्ती अर्जुनी? सडक का मोरगाव?"

"सडक असेल ती!"

"सडक तं दोन्हीकडं हाये जी."

दोन्ही अर्जुन्या आमच्याच जिल्ह्यातले तालुके. आजोबा आम्हाला कुठल्या अर्जुनीकडे पाठवत होते ते कळलं नाही, पण रस्ता सुरेख होता. दर दोन-चार मैलांवर तलाव. माझी सहा वर्षांची लेक नव्यानेच वाचायला शिकलेली. एका पाटीकडे बोट दाखवून ओरडली, "मामा तलाव! मामा, हा तुझा?"

खरं तर हे माजी मालगुजारी तलाव. जुन्या काळी कोहळी समाजाने खोदले, बांधले, त्यावर धान पिकवलं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी' लिहून लिहून कारकुनांचे हात दुखले असावेत, म्हणून त्याचं 'मामा' झालं. काकांच्या नावाने इथे साधी बोडीही नाही.

मी हे सगळं सांगितलं, पण लेकीने ऐकून घेतलं नाही. पुढचा तलाव दिसला, "हा पण मामाचा?" आईने हो म्हटलं. आधी मेहुणा हसला, मग ओशाळला. चौथ्या तलावाशी त्याने गाडी थांबवायला लावली आणि पाळीवर उभा राहून कमरेवर हात ठेवून इस्टेट न्याहाळू लागला. पुण्यात त्याच्याकडे दोन खोल्या आणि पार्किंगचा वाद आहे. घड्याळ बघायचं तो केव्हाच विसरला होता. तिथून हलायला अर्धा तास लागला.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही कुठल्याशा गावच्या टपरीवर चहा पीत होतो. समोर तलाव, मधे कमळं, कडेने माजलेली बेशरमाची झुडपं. नवेगाव अजून लांबच होतं. लेकीने टपरीवाल्याला अभिमानाने सांगितलं, "हा तलाव माझ्या मामाचा आहे."

त्याने चहाचं भांडं खाली ठेवलं. मेहुण्याला पायातल्या बुटांपासून गॉगलपर्यंत नीट पाहून घेतलं.

"मंग गाळ कवा काढता जी?"