आल्कोबासाची संकष्टी

संकष्टी आहे हे आम्हाला लिस्बनहून आल्कोबासाला निघालेल्या बसमध्ये कळलं. म्हणजे बायकोला कळलं. मला कळवण्यात आलं. परदेशी जाताना लोक पासपोर्टच्या झेरॉक्स काढून ठेवतात. ही कालनिर्णयाचं जूनचं पान फाडून, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवते. बस शहर सोडून मोठ्या रस्त्याला लागली, मी पिशवीतल्या सँडविचचा कागद जरासा उलगडला, आणि पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "अहो, थांबा. आज चतुर्थी."

सँडविच पलीकडच्या सीटवरच्या विद्यार्थ्याला गेलं. त्याने ते बघता बघता संपवलं. मी पाहत होतो.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून आमच्या घरातले सगळे उपास मला लागू झाले आहेत. पूर्वी मला फक्त आषाढी आणि महाशिवरात्र होती, तीही खिचडीच्या आशेने. एकादशी दुप्पट खाशी, या परंपरेत मी लहानाचा मोठा झालो. तेव्हा उपासाला माझी तत्त्वतः हरकत नाही. शिवाय देश पोर्तुगाल. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, आणि आपल्याकडे आलं ते मुख्यतः पोर्तुगीजांच्या जहाजांतून. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला नसता तर आपले पूर्वज चतुर्थीला नेमकं काय खात बसले असते, या विचाराने मी कधीकधी अस्वस्थ होतो. उपासाच्या माहेरी येऊन उपाशी राहायची वेळ येणार नाही, असा माझा हिशेब होता.

आणखी एक भरवसा होता तो भाषेचा. पोर्तुगीज मला येतं, असं मी घरी सांगून ठेवलं होतं. पाव, चावी, बादली, साबण, परात, घमेलं, लिलाव, पगार: आपण सगळेच रोज पोर्तुगीज बोलतो, फक्त तसं जाहीर करत नाही. या भांडवलावर मी आल्कोबासाच्या चौकातल्या एका खानावळीत शिरलो. मेनू हातात घेतला आणि पहिल्याच ओळीत ओळखीचा शब्द दिसला. पेरू! मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. फळ. उपासाला चालतं. दोन पेरू सांगितले.

पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की नावाचा पक्षी. कोंबडीपेक्षा पुष्कळ मोठा असतो. दोन प्लेट आल्या.

पुढची पाच मिनिटं मी वर्णन करत नाही. वेटर भला माणूस होता. आम्ही दोघंही हात जोडून बसलेलो पाहून त्याला वाटलं, आम्ही जेवणापूर्वीची प्रार्थना करतो आहोत. शेवटी "बटाटा, बटाटा" असं मी दोनदा म्हणालो आणि तो शब्द मात्र जसाच्या तसा पोचला. उकडलेले बटाटे आले. मीठ घालून खाल्ले. मग तो बिलाचं पाकीट घेऊन आला आणि विचारता झाला, "केर पगार?" मी सरळ खरं काय ते सांगितलं, की आता पगार नाही, पेन्शन. त्याने अत्यंत आदबीने रस्त्यापलीकडच्या लॉजची पाटी दाखवली. पगार म्हणजे त्यांच्यात पैसे देणं, आणि पेन्शनला जवळचा त्यांचा शब्द आहे तो राहण्याच्या जागेलाही चालतो. आपण शब्द घेतला आणि पैशाची दिशा उलटी केली, एवढाच काय तो फरक. बिल द्यायचं का, एवढंच त्याने विचारलं होतं, आणि माझ्या उत्तरावरून मी लॉज शोधतोय असं त्याला वाटलं असावं.

आता ज्यासाठी आलो होतो त्या मठाबद्दल.

आल्कोआ आणि बासा या दोन छोट्या नद्यांच्या संगमावरचं हे गाव, आणि गावाचं नाव दोन्ही नद्यांना जोडून झालं असं तिथे सांगतात. संगमावर आपल्याकडे देऊळ असतं, तिथे मठ आहे. पोर्तुगालचा पहिला राजा अफॉन्सो याने 1153 मध्ये ही जमीन सिस्टर्शियन पंथाच्या साधूंना दिली. 1178 मध्ये बांधकामाला सुरुवात झाली. देशातली ही पहिली मोठी गॉथिक वास्तू. पण चौकातून बघाल तर फसाल. दर्शनी भाग पुढे अठराव्या शतकात बरोक थाटात नटवलेला आहे: मनोरे, पुतळे, वेलबुट्ट्या. लग्नाच्या हॉलची कमान असावी तसा. आत पाऊल टाकलं की तो सगळा थाट संपतो. शंभर मीटरहून लांब, अरुंद, आणि मान मोडेल इतकं उंच असं पांढुरकं, उघडंबोडकं मंदिर. चित्र नाही, सोनं नाही, नक्षी जवळपास नाही. नुसते दगडी खांब एकामागे एक वर गेलेले आणि शेंड्याला टोकदार कमानीत एकमेकांना भेटलेले. या पंथाला सजावट वर्ज्य होती. बोलणंही जवळजवळ वर्ज्य. ते साधू एकमेकांशी खुणांनी बोलत.

"तुम्हाला महिनाभर इथे ठेवायला हवं होतं," बायको कुजबुजली. मी खुणेने उत्तर दिलं.

ती आली होती ती थडग्यांसाठी. राजा पेद्रो आणि इनेस दि कास्त्रू यांची गोष्ट तिने मुंबईतच वाचून ठेवली होती, आणि प्रवासाचा सगळा बेत त्या दोघांभोवती आखला होता. गोष्ट चौदाव्या शतकातली. राजपुत्र पेद्रोचं लग्न झालं, आणि बायकोबरोबर आलेल्या इनेस नावाच्या सखीवर त्याचा जीव जडला. पुढे बायको वारली. पण बापाला ही इनेस पसंत नव्हती. बापाचं नाव अफॉन्सो, चौथा. 7 जानेवारी 1355 रोजी कोइंब्राला त्याच्या हुकमाने इनेसला मारण्यात आलं.

इथे मला एक गोष्ट सुचली आणि ती मी नको तिथे बोलून गेलो. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. आपला हापूस म्हणजे हा अफॉन्सोच. पोर्तुगीज गव्हर्नर अफॉन्सो द आल्बुकर्कच्या नावाचा आंबा, आपल्या तोंडी हापूस झाला. आणि पायरी हे नाव पेरेस या आडनावावरून आलं म्हणतात. पेरेस म्हणजे पेरोचा मुलगा, आणि पेरो म्हणजे पेद्रो. तेव्हा मठ बांधणारा हापूस पहिला. खून करवणारा हापूस चौथा. आणि रडत बसला तो पायरी. हे सगळं, म्हटलं, एकाच अढीतलं भांडण आहे.

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्या विनोदाचं नव्हतं.

पुढे पायरी, म्हणजे पेद्रो, 1357 मध्ये गादीवर आला. तीन मारेकऱ्यांपैकी दोघे त्याच्या हाती लागले; त्यांची काळजं जिवंतपणी काढवली. त्यातल्या एकाचं आडनाव कुएल्हो, म्हणजे ससा. त्या वेळी राजा जेवायला बसला होता आणि सशासाठी कांदा आणि व्हिनेगर आणा म्हणाला, अशी नोंद तिथल्या जुन्या बखरीत आहे. माणसाचं दुःख खरं होतं, पण भूकही खरी होती, हे मला त्यातल्या त्यात जवळचं वाटलं. शिवाय त्याने आमचं गुपचूप लग्न झालं होतं असं जाहीर केलं आणि इनेसचा देह कोइंब्राहून इथे आणवला.

दोन थडगी मंदिराच्या दोन बाजूंना आहेत, पायाकडे पाय करून. कयामतीच्या दिवशी दोघं उठून बसतील तेव्हा पहिली नजर एकमेकांवर पडावी, म्हणून. दगडातलं काम इतकं बारीक आहे की जरीकाठ वाटावा. नेपोलियनच्या सैनिकांनी खजिन्याच्या आशेने त्याची मोडतोड केली, तरी जे उरलंय ते पुरेसं आहे. इनेसचं थडगं माणसाची तोंडं आणि जनावराची धडं असलेल्या आकृत्यांच्या पाठीवर ठेवलंय; ते तिचे मारेकरी, असं लोक सांगतात.

"बघा," बायको म्हणाली, "उठल्या उठल्या पहिली तिला बघणार तो."

"मीही बघीन की."

"तुम्ही उठल्या उठल्या चहा झाला का विचाराल."

यावर खुणेनेही उत्तर देता आलं नाही.

ती थडग्यांपाशी थांबली आणि मी हळूच मठाच्या आतल्या चौकाकडे सटकलो. तिथून वास नसतानाही माझ्या पायांना रस्ता सापडला, आणि मी स्वयंपाकघरात पोचलो.

मी पुष्कळ स्वयंपाकघरं पाहिली आहेत. देवस्थानांचे भटारखाने पाहिलेत, हजार पानांच्या पंगतीचे चुलाणे पाहिलेत. असं नाही पाहिलं. मध्यभागी लोखंडी खांबांवर तोललेलं धुरांडं सुमारे 18 मीटर उंच, खालपासून वरपर्यंत पांढऱ्या फरश्यांनी मढवलेलं. त्याच्या खाली अख्खे बैल एका वेळी भाजत, असं सांगतात, आणि आकार बघता मला शंका नाही. बाजूला दगडी हौद, आणि त्यात आल्कोआ नदीचं पाणी पाट काढून थेट आत घेतलेलं. म्हणजे नदी घरात. मासा स्वतःच्या पायांनी, म्हणजे जे काही असतं त्याने, चुलीपर्यंत यायचा. विल्यम बेकफर्ड नावाचा एक गडगंज इंग्रज लेखक 1794 मध्ये इथे आला होता. मठ बघायला आलेला तो माणूस या स्वयंपाकघरावरच लुब्ध झाला आणि तसं लिहून गेला. दोनशे-सव्वादोनशे वर्षांनंतर मी त्याच्याशी सहमत झालो.

गंमत अशी की या पंथाच्या नियमांत धडधाकट साधूला चार पायांच्या प्राण्याचं मांस वर्ज्य. मग एवढी चूल कोणासाठी? एकादशी दुप्पट खाशी, दुसरं काय.

शेजारी भोजनगृह. भिंतीत जिना कोरून वर एक सज्जा काढलाय. जेवताना एक जण तिथे उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीचे मुकाट्याने खायचे. आणि तिथेच ते दार आहे. उंच, पण रुंदीला इतकं चिंचोळं की आपल्या चाळीतल्या गॅलरीचं दार त्याच्यापुढे दिंडी दरवाजा वाटेल. सांगतात ते असं: साधूंनी जेवण आणायला या दारातून जायचं. जो अडकला त्याने जाण्याजोगा होईपर्यंत उपास करायचा. माझ्या मते ताटं सरकवायला केलेलं साधं दार असावं आणि गोष्ट मागून चिकटली असावी. पण दारासमोर उभं राहिल्यावर माणसाला इतिहास सुचत नाही, पोट आत घेणं सुचतं.

मी आडवा झालो. श्वास सोडला. डावा खांदा गेला, छातीही गेली म्हणायला हरकत नाही. त्यापुढचा मी बाहेर राहिलो.

"अहो!" मागून आवाज आला. "फोटो काढते, हलू नका." हलणं शक्य नव्हतंच. तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे.

बाहेर येऊन मी तिला शांतपणे एक मुद्दा मांडला. ज्या देवाचा आज उपास, तो लंबोदर. त्याचं पोट बघून हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला. म्हणजे आपल्याकडे पोटाला हसणाऱ्याला शिक्षा आहे, पोटाला नाही. या लोकांनी उलटं केलं आणि दार बांधलं. ती म्हणाली, "तो देव आहे. तुमचा एचबीएवनसी सात आहे."

मठासमोरच्या चौकात मिठायांची दुकानं आहेत, आणि माझी खरी संकष्टी तिथे सुरू झाली. पोर्तुगालात मठांतल्या साधूंनी आणि जोगिणींनी मिठाईची एक स्वतंत्र परंपराच घडवली. अंड्याचा पांढरा भाग वाइन नितळ करायला, कपड्यांना खळ करायला जायचा, बलक ढिगांनी उरायचे, आणि वसाहतींतून साखर येत होती. बलक आणि साखर, साखर आणि बलक. 1834 मध्ये सरकारने मठ बंद केले. साधू गेले, मिठाई राहिली. दर नोव्हेंबरात या मठातच अशा मिठायांचं मोठं प्रदर्शन भरतं. काचेपलीकडे कॉर्नुकोपिया रांगेत ठेवलेले होते: कुरकुरीत शंकू, आत केशरी-पिवळा, दाट, चमकणारा बलकाचा पाक. दुरून मोदकाची नात वाटावी.

तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मी घड्याळ पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"ते पान काढ. मुंबईचा चंद्रोदय किती?"

"दहाच्या सुमारास."

"मुंबईत आत्ता दहाच वाजलेत. चंद्र उगवला. सोड उपास."

तिने आकाशाकडे बोट केलं. ऊन रणरणत होतं. जूनमध्ये तिथे रात्रीचे नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. "दिसला की सोडू," ती म्हणाली. आणि अंडं तर आज चालणारच नाही. तरीही दोन कॉर्नुकोपिया मी उद्यासाठी म्हणून बांधून घेतले. डबा तिने स्वतःच्या पिशवीत ठेवला.

आल्कोबासाचा चंद्रोदय त्या दिवशी पावणेबाराला होता. मठ चौकाच्या पूर्वेला. साहजिकच चंद्र आधी मठाच्या मागे उगवला, मग साडेआठशे वर्षांपूर्वीचं ते सगळं दगडकाम पार करून मनोऱ्याच्या कडेने वर आला, तेव्हा बारा वाजून गेले होते. मनुष्य नव्हता चौकात. तिने हिरवळीतून दूर्वांसारखं काहीतरी खुडून आणलं होतं. कागदी कपातल्या पाण्याने अर्घ्य दिलं, कॉफीबरोबर मिळालेल्या साखरेच्या पुडीचा नैवेद्य दाखवला. मग आम्ही बाकावर बसून उरलेले बटाटे खाल्ले.

"बारा वाजून गेले," मी म्हणालो. "तारीख बदलली. आता चतुर्थी नाही. डबा काढ."

"आपला दिवस सूर्योदयाला बदलतो," ती म्हणाली.

आल्कोबासाला जूनमध्ये सूर्योदय सहा वाजून काही मिनिटांनी होतो. मला ठाऊक आहे. मी पाहिला.