कोंडी पावली

शोरूममध्ये पाऊल टाकलं की टायवाला पोरगा पहिला प्रश्न विचारतो, 'सर, रनिंग किती?' आपण उलट विचारतो, 'ॲव्हरेज किती?' गाडीखरेदीचं आपलं सगळं तत्त्वज्ञान या दोन प्रश्नांत संपतं. हल्ली दोन्हींचं एकच उत्तर म्हणून हायब्रिड सेडान पुढे केली जाते. पेट्रोल टाका, चार्जिंगला लावू नका, लिटरमागे सव्वीस किलोमीटर घ्या आणि जाता जाता पर्यावरणही वाचवा. पुण्य आणि बचत एकाच बिलात मिळणार म्हटल्यावर मध्यमवर्ग पाघळला नसता तरच नवल.

निवडीचा तर त्रासच नाही. एसयूव्हींनी रस्ता असा काही व्यापलाय की हायब्रिड सेडान म्हणून विचाराल तर दोन नावं समोर येतात. होंडाची सिटी, वीस लाखांच्या घरात. आणि टोयोटाची कॅमरी, जी डिसेंबर २०२४ मध्ये नव्या अवतारात आली तीच ४८ लाखांना. दोन्ही आकडे एक्स-शोरूम. मधल्या अठ्ठावीस लाखांत शुकशुकाट. लेक्ससही आहे म्हणा, पण ती ज्यांना परवडते ते हे सदर वाचत नाहीत. साहेबांची वाट बघत बसलेला त्यांचा ड्रायव्हर वाचतो.

या गाडीचा आपल्याकडचा संसार पहिल्यापासूनच ओढाताणीचा. २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली, साडेएकवीस लाखांना. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा त्याच वर्षी किमतीतून एकदम आठ लाख उतरवले. मग गाड्या खपल्या. ज्यांनी आधी उत्साहाने पूर्ण किंमत मोजली होती, त्यांच्या नावावर पर्यावरणाला आठ लाखांची देणगी जमा झाली. पावती मात्र मिळाली नाही.

पुढे २०१५ साली मारुतीच्या डिझेल सियाझच्या पाठीवर 'स्मार्ट हायब्रिड'चा बिल्ला आला. त्यातली मोटर गाडीला एकटीने चार पावलंही नेत नसे. सिग्नलला इंजिन बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, निघताना जरा हात द्यायचा, एवढंच तिचं काम. तरी ती केंद्राच्या 'फेम' योजनेत बसली आणि तिला अनुदानही मिळालं. या स्मार्टपणात हायब्रिडपणा किती, हे सरकारच्या लक्षात यायला एप्रिल २०१७ उजाडला. मग सौम्य हायब्रिडचं अनुदान गेलं.

आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी खऱ्या हायब्रिडवर जीएसटी बसला. आधी कर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो अठ्ठावीस अधिक पंधरा असा ४३ झाला. त्याच काळात सिटीच्या साध्या पेट्रोल गाडीवर ४५ टक्के. म्हणजे देशाचं परकीय चलन वाचवणाऱ्याला सरकारचं बक्षीस काय, तर दोन टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये नवे दर आले. चार मीटरपेक्षा लांब गाडी, मग ती पेट्रोलची असो की हायब्रिड, सरसकट ४०. ते दोन टक्केही गेले. शेजारच्या इलेक्ट्रिक गाडीवर मात्र ५ टक्के.

राज्याचा न्यायही तसाच. आपल्याकडे इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स माफ. हायब्रिडला मात्र पेट्रोल गाडीचाच दर, दहा ते वीस लाखांत १२ टक्के. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवरून टोल न देता जातात. हायब्रिडवाला ३२० रुपये भरून त्यांच्या मागोमाग जातो. इलेक्ट्रिकला हिरवी नंबरप्लेट मिळते, हायब्रिडला चारचौघांसारखी पांढरी. उत्तर प्रदेशाने २०२४ साली हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा इथल्या काही जणांना गाझियाबादचे लांबचे मामा एकदम आठवले होते.

एवढं होऊनही आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी हायब्रिड सेडान घेतलीच. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा निर्णय भावनेवर होत नाही, तो एक्सेल शीटवर होतो. ती शीट मी मागून घेतली.

२०२२ च्या मे महिन्यात सिटी हायब्रिड आली ती १९ लाख ४९ हजारांना. तेव्हा त्याच थाटाची पेट्रोल ऑटोमॅटिक पंधरा लाखांच्या आसपास होती. फरक साडेचार लाखांचा. कंपनीचं ॲव्हरेज धरायचं तर पेट्रोल ऑटोमॅटिकचं १८.४ आणि हायब्रिडचं २६.५. महिन्याचं रनिंग एक हजार किलोमीटर, पेट्रोल १०४ रुपये. महिन्याला साडेसोळा लिटर वाचलं, म्हणजे सतराशे रुपये आणि वर चिल्लर. या वेगाने साडेचार लाख वसूल व्हायला लागतात साडेएकवीस वर्षांहून जास्त. आणि आरसी मिळते पंधरा वर्षांची. त्या साडेचार लाखांवरचा जास्तीचा रोड टॅक्स, विमा आणि कर्जाचं व्याज काकांनी शीटमध्ये घेतलंच नव्हतं. बँकेतला माणूस. कुठला रकाना दाखवायचा नाही हे त्याला बरोबर कळतं.

पण शीटचं दुसरं पान होतं. त्यावर कंपनीचे आकडे नव्हते, शहराचे होते. शहरात पेट्रोल ऑटोमॅटिकने बारा दिले आणि हायब्रिडने वीस, तर महिन्याला तेहतीस लिटर वाचतं आणि साडेचार लाख पावणेअकरा वर्षांत फिटतात. आता काकांचा मुलगा हिंजवडीला जातो. तिथल्या रस्त्यावर पेट्रोल गाडी आठावर आली आणि हायब्रिड अठरावर टिकली, तर महिन्याला जवळजवळ सत्तर लिटर वाचतं. पाच वर्षांत पैसे वसूल!

एकवीस, अकरा, पाच. गाडी तीच, बदलला तो रस्ता. हायब्रिडला सबसिडी मिळत नाही असं कोण म्हणतं? केंद्र देत नाही, राज्य देत नाही. ती महापालिका, एमआयडीसी आणि मेट्रोचे ठेकेदार मिळून देतात. रोज सकाळ-संध्याकाळ, थेट लाभार्थ्याच्या टाकीत.

यात जादू काही नाही, यंत्राचा स्वभावच तसा आहे. साधं पेट्रोल इंजिन कोंडीत उभं असलं तरी पेट्रोल पीत राहतं, एसीसाठी तर पितच राहतं. हायब्रिडचं इंजिन अशा वेळी गप्प बसतं. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते ती मोटरवर, आणि ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद थोडीफार बॅटरीत परत येते. बॅटरी उतरली की इंजिन जागं होऊन जनित्र फिरवतं, पोट भरलं की पुन्हा झोपतं. उलट एक्स्प्रेस वेवर एका वेगाने निघालात की इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. मग ब्रेक नाही, सरकणं नाही, परत मिळवायला काही उरत नाही आणि साध्या पेट्रोल गाडीवरची आघाडी बारीक होत जाते. या गाडीचा खरा शत्रू म्हणजे मोकळा रस्ता.

जगाने हे केव्हाच ओळखलंय. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला आली आणि पुढे न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सीवाल्यांनी हायब्रिड उचलून धरली. दिवसभर सिग्नल, दिवसभर ब्रेक. त्यांचा धंदाच कोंडीत. कॅलिफोर्नियाने मात्र हायब्रिडवाल्यांचं कौतुक म्हणून २००५ पासून ठरावीक स्टिकरवाल्यांना एकट्याने कारपूलच्या मोकळ्या लेनमधून जायची मुभा दिली, ती २०११ पर्यंत चालली. जिथे कमाई नाही तिथे बक्षीस म्हणून नेऊन सोडायचं! आपल्या सरकारने तसली चूक केलेली नाही. आपण गाडीला तिच्या हक्काच्या जागी ठेवलंय.

काकांच्या स्वभावात मात्र गाडी आल्यापासून फार फरक पडला. पूर्वी भुमकर चौकात ते खिडकीची काच खाली करून अख्ख्या व्यवस्थेचा उद्धार करायचे. आता गप्प असतात. नजर समोरच्या पडद्यावर, जिथे बॅटरीतून चाकाकडे आणि चाकाकडून बॅटरीकडे बाण पळत असतात.

मागून मुलगा म्हणतो, 'बाबा, लेट होतोय.'

'होऊ दे रे. बघ, वीस मिनिटांत इंजिन किती कमी लागलं ते!'

'अहो, पण हललो किती?' काकू विचारतात.

तो आकडा पडद्यावर बघायची काकांना गरज वाटत नाही.

काकूंची तक्रार वेगळीच आहे. डिकी. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची. हायब्रिडमध्ये मागे बॅटरी बसवली आणि उरले ३०६. सिटी हायब्रिड घेणाऱ्या कुठल्याही घरचं हे गाऱ्हाणं. कोकणातून परतताना आंब्याची तिसरी पेटी कोणाच्या मांडीवर ठेवायची, हा प्रश्न कंपनीच्या पुस्तिकेत नसतो. सीएनजीवाल्यांना हसणाऱ्या माणसाला त्यांच्याच पंगतीत बसावं लागतं. फरक एवढाच की ते सिलिंडर दाखवतात, हा बॅटरी.

बाकीचे धडे हळूहळू मिळतात. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. बॅटरीला थंड ठेवणारी हवा तिथून जाते. आजींची शाल, नातवाची बॅग, वर्तमानपत्राची रद्दी हे सगळं नेमकं तिथेच ठेवायची आपली रीत. खंडाळ्याचा घाट उतरताना छोटी बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. मग जास्तीची ताकद जिरवायला काही गाड्या इंजिन रिकामं फिरवतात. पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन मात्र गुरगुरतंय, अशा वेळी पहिल्यांदा घाट उतरणारा माणूस देवाचं नाव घेतो.

आणि एवढी मोठी बॅटरी पोटात असूनही गाडी जागी होते ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. गणपतीला रेल्वेने गावी गेलात, गाडी पार्किंगमध्ये पडून राहिली आणि ती धाकटी बॅटरी बसली, की थोरली भरलेली असूनही गाडी ढिम्म. साहेब केबिनमध्ये हजर आहेत, पण शिपाई किल्ली घेऊन जेवायला गेलाय, तशी गत.

एक सुख मात्र खरं. ब्रेक पॅड जास्त टिकतात, कारण वेग कमी करायचं निम्मं काम मोटरच करते. मोठ्या बॅटरीची वॉरंटीही आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असते. काकांच्या शीटच्या दुसऱ्या पानावर वसुली अकराव्या वर्षात होती, हे इथे आठवलं तरी बोलायचं नाही. नवव्या वर्षी गाडी विकायला काढलीत, तर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक बॉनेटला हातही न लावता विचारणार, 'बॅटरीचं काय?' तुम्ही म्हणणार, 'एकदम ओके.' यापलीकडे त्या विषयावर दोघांनाही काही कळत नसतं.

सिक्युरिटीवाला अजूनही विचारतो, 'काका, चार्जिंगला कुठं लावता?' काका पहिल्यांदा सगळं समजावून सांगत. आता नुसतं म्हणतात, 'रस्त्यात होतं.'

तर घ्यावी की नाही? ज्यांचं रनिंग नाशिक-पुणे-कोल्हापूर असं हायवेचं आहे, त्यांनी पेट्रोल गाडी घ्यावी आणि उरलेल्या साडेचार लाखांची एफडी करावी. ज्यांच्या घरी चार्जिंगची सोय आणि सोसायटीच्या कमिटीत मावसभाऊ आहे, त्यांनी इलेक्ट्रिक घ्यावी. आणि ज्यांना रोज दहा किलोमीटरला तास लागतो, त्यांनी डोळे मिटून हायब्रिड घ्यावी, नारळ फोडावा, पेढे वाटावेत. उद्या रस्ते रुंद झाले, मेट्रो धावली, खड्डे बुजले तर आपले साडेचार लाख बुडतील, ही भीती मनात आणू नये. आरसी पंधरा वर्षांचीच आहे. तेवढ्यात असं काही होत नाही.